एका फळीचे ४२ दिवस

झाड पाडायचं. हव्या त्या लांबीचा ओंडका तोडून घ्यायचा. कुऱ्हाडीने एक बाजू तासत आणायची, ओंडका उलटवून दुसरी तासायची, आणि मधे फळीएवढी जाडी उरली की थांबायचं. एका झाडाची एकच फळी, बाकीचं झाड ढलप्या होऊन पायाशी. रॉबिन्सन क्रूसोला गुहेत सामान ठेवायला एक लांब मांडणी हवी होती. तिच्या फळीला त्याचे ४२ दिवस गेले. आणि तो लगेच सांगतो की लाकूड चिरणारी दोन माणसं, त्यांची हत्यारं आणि करवतीसाठी खणलेला खड्डा असता, तर त्याच झाडातून अर्ध्या दिवसात सहा फळ्या निघाल्या असत्या.

जहाज फुटून निर्जन बेटावर एकट्या अडकलेल्या या खलाशाची गोष्ट सांगणारं 'रॉबिन्सन क्रूसो' हे पुस्तक २५ एप्रिल १७१९ ला लंडनमध्ये निघालं. तीनशे वर्षं उलटून गेली तरी ते वाचलं जातं. का, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात: एकटेपणा, समुद्र, साहस, वाळूतला तो पावलाचा ठसा. मला ही उत्तरं अपुरी वाटतात. पाऊल दिसतं ते पंधराव्या वर्षी. त्याआधीची शेकडो पानं वाचकाला कशाने धरून ठेवलेली असतात? माझ्या मते त्या ४२ दिवसांनी. कुठल्या कामाला काय लागलं, किती दिवस लागले, कुठे बिनसलं आणि का बिनसलं, याचा इतका प्रामाणिक हिशेब कथेत त्याआधी फारसा कुणी मांडला नव्हता. लहान मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्या नेमका हाच हिशेब कापून टाकतात, म्हणून ही पोस्ट.

हा हिशेब आला कुठून, तेही बघण्यासारखं आहे. डॅनियल डिफोने हे लिहिलं तेव्हा तो साठीला टेकला होता. आयुष्यभर त्याने धंदे केले. पायमोज्यांचा घाऊक व्यापार केला आणि १६९२ मध्ये सुमारे १७,००० पौंडांचं कर्ज अंगावर घेऊन दिवाळखोर झाला. थेम्सच्या काठी टिलबरीला त्याचा विटा आणि कौलांचा कारखाना होता. १७०३ मध्ये एका राजकीय पत्रकापायी त्याला तुरुंग भोगावा लागला, भर चौकात खोड्यात उभं राहावं लागलं, आणि तो कारखानाही बुडाला. देणी-घेणी आणि माती या दोन गोष्टी त्याला पोळून कळलेल्या होत्या. बेटावर पोचल्यावर क्रूसो आपल्या दशेची यादी करतो तीही जमाखर्चासारखी, एका बाजूला वाईट, दुसऱ्या बाजूला बरं. एकाकी बेटावर फेकला गेलोय, पण जिवंत आहे. अंगावर घालायला कपडे नाहीत, पण हवा अशी उष्ण की असते तरी घालवले नसते. दिवाळं निघालेल्या माणसाने पहिल्या रात्री करावी तशी ती यादी आहे.

जहाज फुटतं ३० सप्टेंबर १६५९ ला. जहाजाचा सांगाडा किनाऱ्याजवळ अडकून राहतो आणि पुढच्या तेरा दिवसांत क्रूसो अकरा खेपा करतो. पहिल्या तराफ्यावर काय येतं बघा: पाव, तांदूळ, तीन डच चीज, बोकडाच्या सुक्या मांसाचे पाच तुकडे, थोडं धान्य, सुताराची पेटी, बंदुका आणि बंदुकीच्या दारूची पिंपं. त्या सुताराच्या पेटीबद्दल तो म्हणतो की जहाजभर सोनं असतं तरी ही पेटी जास्त मोलाची. दुसऱ्या खेपेला खिळ्यांच्या दोन-तीन थैल्या, डझन-दोन डझन हातकुऱ्हाडी, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे धार लावायचा गोल दगड. तो दगड फिरवायला एक माणूस लागतो आणि हत्यार धरायला दुसरा. एकट्याने करायचं काय? त्यावर तो पायाने दोरी ओढून चाक फिरेल अशी जोडणी करतो, दोन्ही हात मोकळे राहतात. त्या खटाटोपात पूर्ण आठवडा जातो. हातात कुऱ्हाड आहे एवढं लिहून बहुतेक लेखक पुढे गेले असते. कुऱ्हाड बोथट होते हे डिफोला आठवतं.

बाराव्या खेपेला वस्तरे, कात्री, सुऱ्या-काटे आणि ३६ पौंडांची नाणी मिळतात. नाण्यांना उद्देशून तो मोठं भाषण करतो, तुझा मला काय उपयोग, बूड समुद्राच्या तळाशी. मग पुन्हा विचार करून ती कापडात गुंडाळून घेऊन येतो. त्या रात्री वादळ होतं आणि सकाळी जहाज नाहीसं झालेलं असतं.

जागा निवडतानाचे त्याचे निकष आजही कुणी खोडून काढणार नाही: गोडं पाणी आणि आरोग्याला बरी जागा, उन्हापासून आडोसा, माणूस असो की जनावर त्यापासून बचाव, आणि समुद्रावर नजर राहील अशी मोकळीक. कड्याला पाठ लावून तो अर्धवर्तुळाकार कुंपण घालतो. मेढींच्या दोन रांगा, दोहोंत सहा इंचांचं अंतर, जमिनीवर साडेपाच फूट उंची, मधल्या फटीत जहाजाच्या जाड दोरखंडांचे तुकडे एकावर एक. दार नाही, शिडीने चढायचं आणि शिडी आत ओढून घ्यायची. एकेक मेढ तोडून आणायला कधी कधी दोन दिवस आणि ठोकायला तिसरा. मग एके दिवशी वीज चमकते आणि त्याच्या काळजात धस्स होतं: सगळी दारू एकाच ठिकाणी! दुसरी सगळी कामं बाजूला ठेवून पंधरा दिवस तो फक्त दारूच्या पुड्या बांधत बसतो. सुमारे २४० पौंड, म्हणजे जवळपास ११० किलो दारू, शंभरावर पुड्या, प्रत्येक पुडी खडकातल्या वेगळ्या कपारीत. त्या पंधरा दिवसांत वाचकाच्या डोळ्यांसमोर ती वीज टांगलेली राहते. थरार असाही असतो.

आता होडी. पुस्तकातली सर्वांत मोठी चूक, आणि माझ्या लेखी सर्वांत चांगलं प्रकरण. प्रकरण म्हणायचं आपलं, मूळ पुस्तकात प्रकरणं पाडलेलीच नाहीत. क्रूसो एक प्रचंड देवदार निवडतो, बुंध्याशी ५ फूट १० इंच व्यास, २२ फुटांवर ४ फूट ११ इंच. बुंधा तोडायला २० दिवस, फांद्या छाटायला १४, बाहेरून होडीचा आकार द्यायला महिना, आतून कोरायला जवळपास तीन महिने, तेही आग न वापरता नुसत्या छिन्नी-हातोडीने. बेरीज पाच महिन्यांची. सव्वीस माणसं मावतील अशी होडी तयार होते. पाणी शंभर यार्डांवर आहे आणि मधे चढ आहे. चढ खणून काढतो, तरी होडी तसूभर हलत नाही. मग होडी पाण्याकडे जात नसेल तर पाणी होडीकडे आणू म्हणून कालव्याचं गणित मांडतो. वरच्या टोकाला वीस फूट खोल खणावं लागणार, एकट्याला दहा-बारा वर्षं लागणार. होडी तिथेच सोडून देतो.

यात मला सगळ्यात खरं वाटतं ते हे की शंका त्याला आधीच आलेली असते. हिला पाण्यात कसं न्यायचं, हा प्रश्न मनात येतो आणि प्रत्येक वेळी तो स्वतःला गप्प करतो: आधी होऊ तर दे, मग बघू. कामात बुडालेल्या माणसाचं इतकं ओळखीचं वाक्य दुसरं नसेल. पुढे तो लहान होडी करतो आणि तिच्यासाठी खरोखर अर्धा मैल लांब, सहा फूट रुंद, चार फूट खोल कालवा खणतो. त्या सगळ्याला जवळजवळ दोन वर्षं लागतात.

भाकरीचं, म्हणजे त्याच्या पावाचं, प्रकरण तर शेती करणाऱ्या कुणीही वाचावं. जहाजावर कोंबड्यांसाठी आणलेल्या धान्याच्या थैलीत उंदरांनी भुसा तेवढा शिल्लक ठेवला होता. थैली दुसऱ्या कामाला हवी म्हणून तो ती कड्याजवळ झटकतो. पावसानंतर तिथे दहा-बारा ओंब्या दिसतात, जवाच्या. त्याला आधी चमत्कार वाटतो, मग थैली आठवते. दाणे जपून ठेवतो, पेरतो, आणि पहिली पेरणी वाया जाते, कारण पुढे कोरडा हंगाम होता. नशीब, त्याने सगळं बी टाकलेलं नसतं. मूठभर मागे ठेवलेलं असतं. ते पावसाच्या तोंडावर फेब्रुवारीत पेरतो आणि पीक येतं. मग बेटाचं हवामान तो महिन्यांनुसार लिहून काढतो: कधी ओलं, कधी कोरडं, वर्षात दोन पावसाळे. पंचांग फसलेल्या पेरणीतून तयार होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पीक हाती आलं तरी लगेच खायचं नाही. आधी रान बकऱ्या आणि सशांसारखी जनावरं कोवळी पात खातात, म्हणून तीन आठवडे खपून कुंपण आणि रात्री फाटकाशी कुत्रा. मग दाणा भरताच पाखरं. तीन पाखरं मारून तो शेतात टांगतो, जशी इंग्लंडात चोरांची प्रेतं टांगत, आणि बाकीची फिरकत नाहीत. विळा नाही, म्हणून जहाजावरच्या तलवारीचा विळा, आणि कापायच्या त्या फक्त ओंब्या. मळणी हातांनी. जातं करायचं तर दगड हवा. बेटावरचा दगड ठिसूळ आणि वाळूचा, पिठात कचकच येणार. कित्येक दिवस शोधून तो नाद सोडतो आणि कठीण लाकडाचा ठोकळा कुऱ्हाडीने आणि आगीने कोरून उखळ करतो, मुसळही तसंच जड लाकडाचं. चाळणीला कापड नाही. खलाशांच्या सामानात गळ्याला बांधायचे मलमलीचे रुमाल सापडतात, त्यांच्या तीन लहान चाळण्या. यीस्ट नाही. भट्टी नाही, म्हणून दोन फूट रुंद आणि नऊ इंच खोल मातीची पसरट भांडी भाजून घेतो. चुलीची जागा निखाऱ्यांनी तापवायची, निखारे झाडून टाकायचे, त्यावर पाव ठेवायचा, वर भांडं पालथं, भांड्याभोवती आणि वर पुन्हा निखारे. अर्ध्या पेकच्या, म्हणजे सुमारे साडेचार लिटर मापाच्या, बियाण्यातून एका हंगामात अडीच बुशेल, म्हणजे सुमारे ९० लिटर, जव येतो, वीसपट. पण स्वतःच्या धान्याचा पहिला घास तोंडात जातो तो चौथ्या वर्षी. एका पावामागे किती बारीकसारीक कामं आहेत याचा विचार फार थोड्यांनी केला असेल, असं तो म्हणतो. मला हे पुस्तकाचं हृदय वाटतं. ते वाचल्यावर समोरच्या ताटाकडे आपण जरा वेगळ्या नजरेने बघतो.

आता भांडी, जिथे टिलबरीचा कारखानदार बोलतो. पहिल्या दोन महिन्यांत दोन बेढब रांजण. बाकी सगळं फुकट, आणि प्रत्येक अपयशाचं कारण दिलेलं: काही भांडी आत कोसळली, काही बाहेर ढासळली, कारण माती स्वतःचं वजन पेलण्याइतकी घट्ट नव्हती. काही घाईने कडक उन्हात ठेवली म्हणून तडकली. काही सुकल्यावर नुसती हलवताना फुटली. कुंभारकाम जाणणाऱ्याला यातली एकही ओळ खोटी वाटणार नाही. शिवाय उन्हात सुकलेली माती पाण्यात परत विरघळते, म्हणजे त्यात धान्य ठेवता येतं, कालवण शिजवता येत नाही. मग एकदा विस्तवात फुटक्या भांड्याचा तुकडा सापडतो, दगडासारखा कडक आणि कौलासारखा लाल. तिथून तो आवा रचतो: तीन मोठी मडकी आणि दोन-तीन भांडी एकावर एक, खाली निखारे, चहूबाजूंनी आणि वरून लाकूड. आतली भांडी आरपार लालभडक झाली की त्याच तापात पाच-सहा तास. एक भांडं वितळायला लागतं तेव्हा तो आग हळूहळू कमी करतो, आणि आच एकदम उतरू नये म्हणून रात्रभर जागतो. ही जागरणाची गोष्ट अनुभवाशिवाय लिहिता येत नाही. भाजताना वाचलेलं भांडं निवताना तडकतं.

एक शंका मात्र नोंदवतो. मातीतली वाळू वितळून झिलई चढली असं तो लिहितो. शुद्ध वाळू वितळायला १७०० अंश सेल्सिअस लागतात आणि उघडा आवा सहसा हजारापर्यंतही जात नाही. राखेतल्या क्षाराने थोडी चमक धरली असेल असं म्हणता येईल, पण खरी काच तिथे होणं कठीण. चुका इतरही आहेत. कपडे उतरवून जहाजाकडे पोहत जाणारा क्रूसो तिथे खिसे बिस्किटांनी भरतो, यावरून १७१९ मध्येच डिफोला टोमणे खावे लागले. पण पहिल्या मडक्यात करडाचं मांस शिजवताना, भांडं निवेपर्यंतही ज्याला धीर धरवत नाही, तो माणूस खरा आहे.

खऱ्या घटना शोधायला गेलं की नाव येतं अलेक्झांडर सेल्कर्कचं. स्कॉटलंडचा हा खलाशी १७०४ मध्ये कप्तानाशी भांडून चिलीच्या पश्चिमेला मास आ तिएरा बेटावर उतरला आणि फेब्रुवारी १७०९ मध्ये वूड्स रॉजर्सच्या जहाजाने त्याला उचललं. उंदीर झोपेत पाय कुरतडत, म्हणून त्याने मांजरं माणसाळवली. दारू संपल्यावर तो बकऱ्या धावून पकडायचा. सुटका झाली तेव्हा शब्द अर्धेच उमटत होते. त्याच बेटावर त्याच्या आधी, १६८१ ते १६८४, विल नावाचा, मध्य अमेरिकेतल्या मिस्किटो जमातीचा माणूस एकटा राहिला. दारू संपल्यावर त्याने सुरीला दाते पाडून तिची करवत केली, बंदुकीची नळी कापली, ते लोखंड तापवून ठोकून भाले आणि गळ बनवले. कसबात तो क्रूसोच्या कितीतरी पुढे होता. आज ते बेट १९६६ पासून रॉबिन्सन क्रूसोच्या नावाने ओळखलं जातं. गंमत अशी की कथेतलं बेट तिथे नाहीच, ते दुसऱ्या समुद्रात, ओरिनोको नदीच्या मुखाजवळ आहे.

एक धागा गोव्यातूनही जातो. फेर्नांव लोपिश हा पोर्तुगीज शिपाई गोव्यात आदिलशाही बाजूला गेला होता. १५१२ मध्ये बाणस्तारीचा किल्ला पडल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने त्याला जिवंत सोडलं, पण त्याचा उजवा हात, डाव्या हाताचा अंगठा, नाक आणि कान कापायला लावले. पोर्तुगालला परतताना तो सेंट हेलेना बेटावर उतरून लपला आणि मग, मधली एक युरोपवारी सोडली तर, मरेपर्यंत तिथेच राहिला. सोबतीला जहाजातून वाहून आलेला एक कोंबडा. कुणी मागे सोडून गेलेला हा माणूस नव्हता, त्याने बेट स्वतः निवडलं होतं. त्याने उरलेल्या चार बोटांनी केलेल्या शेतीचा क्रूसोसारखा हिशेब कुणी लिहून ठेवायला हवा होता.

आता जे मला खुपतं ते. क्रूसो बुडतो तो ब्राझीलहून गिनीला गुलाम आणायला निघालेल्या जहाजातून. स्वतः मोरोक्कोत सालेला दोन वर्षं गुलाम राहिलेला हा माणूस, सुटकेत साथ देणाऱ्या झुरी या पोराला साठ नाण्यांना विकतो. पुढे बेटावर सोबतीला आलेल्या फ्रायडेला तो त्याचं खरं नाव विचारत नाही. स्वतः दिलेल्या नावानंतर त्याला शिकवलेला शब्द आहे 'मालक', आणि 'हो' व 'नाही' त्यानंतर. मुलांच्या आवृत्त्यांत हे गाळतात किंवा गोड करतात. गाळू नये. डिफो जसा दारूचा हिशेब ठेवतो तसाच हाही ठेवतो, आणि तो तसाच वाचायला हवा.

कारण फ्रायडे आल्यावर कामाचा हिशेब काय सांगतो बघा. पुन्हा मोठी होडी करायची ठरते. कुठलं लाकूड योग्य हे फ्रायडेला क्रूसोपेक्षा चांगलं कळतं, असं क्रूसो स्वतः कबूल करतो. आतून कोरायला आग वापरायची पद्धत फ्रायडेला ठाऊक असते, हत्यारांची क्रूसो दाखवतो. या वेळी झाड पाण्याजवळचं निवडतात, आधीची चूक लक्षात ठेवून. महिन्याभरात होडी तयार, आणि लाकडी रुळांवरून इंच इंच सरकवत पंधरवड्यात पाण्यात. वीस माणसं मावतील एवढी. एकट्याचे पाच महिने रानात कुजत पडले होते, दोघांचा दीड महिना समुद्रावर तरंगला. एकट्या माणसाचा विजय म्हणून ज्या पुस्तकाची जाहिरात होते, त्यातला सर्वांत भक्कम आकडा सोबतीच्या बाजूने आहे.

आजकाल रानात एकट्याने घर बांधण्याचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. मीही त्यांची ओढ समजू शकतो, ती तीच भूक आहे. पण दहा मिनिटांच्या व्हिडिओत तडकलेली भांडी नसतात, वाया गेलेली पेरणी नसते, तिसऱ्या दिवशी ठोकलेली मेढ नसते. काम दिसतं, वेळ दिसत नाही. डिफोने वेळ दाखवला. खांबावर रोज एक खाच, सातवी दुप्पट लांब, महिन्याची पहिली तिच्याहून दुप्पट. अशा २८ वर्षं, २ महिने आणि १९ दिवसांच्या खाचा.

म्हणून विनंती एवढीच. पुस्तक घ्याल, इंग्रजीत किंवा मराठीत, तर आधी चाळून बघा. पावलाचा ठसा सगळ्याच आवृत्त्यांत असतो, तो शोधू नका. फळीचे ४२ दिवस आहेत का बघा. मडक्यांच्या आव्याशी रात्रभर जागलेला माणूस आहे का बघा. उखळ करायच्या आधी त्याने दगड शोधले का, आणि ते का टाकून दिले, तेवढं एक पान बघा. नसेल तर ती प्रत परत ठेवा आणि दुसरी मागा.